ग्वाल्हेरच्या थंडीत विजेचं बिल आटोक्यात ठेवण्यासाठी: काय आधी करायचं, काय नंतर

दर डिसेंबरात तेच घडतं. कडाक्याची पहिली थंडी पडली की घरात नवा हीटर येतो, आणि जानेवारीचं बिल हातात पडलं की दिवे बंद करण्यावरून बोलाचाली सुरू होते. ९ वॉटचा एलईडी दिवा रोज ५ तास लावला तरी महिन्याला दीड युनिट होत नाही. २००० वॉटचा हीटर तेवढी वीज पाऊण तासाच्या आत घेतो. म्हणजे घरातली सगळी दक्षता चुकीच्या बटणावर खर्च होते.

लष्कर, मुरार या ग्वाल्हेरच्या भागांतल्या नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांची बिलं बघताना दुसरी एक चूक मला सारखी दिसते, ती क्रमाची. आधी नवं उपकरण घेतलं जातं, मग खोलीच्या फटी दिसतात, आणि मीटरकडे तर कोणी बघतच नाही. खाली दिलेला क्रम मुद्दाम उलटा आहे. आधी मोजा, मग आंघोळीच्या पाण्याचं बघा, मग खोलीचं, आणि खरेदीचा विचार सगळ्यात शेवटी करा.

तयारी: एक संध्याकाळ काढून ठेवा

चालू बिल, गेल्या जानेवारीचं बिल, एक वही, हातात घड्याळ आणि मीटर उंचावर असेल तर टॉर्च. स्वयंपाकघरात किंवा प्रयोगशाळेत वापरतात तो पाण्यात बुडवायचा थर्मामीटर मिळाला तर उत्तम, नसला तरी अडत नाही. घरातलं मोठं माणूस सोबत असू द्या, कारण पुढच्या निम्म्या गोष्टी सगळ्यांच्या आंघोळीच्या वेळांशी निगडित आहेत आणि एकट्याने ठरवून त्या टिकत नाहीत.

टप्पा १: बिलावरची रेघ ओळखा

बिलावर शेवटची रक्कम बघून कागद फ्रिजवर ठेवू नका. तीन गोष्टी वहीत उतरवा: बिल किती दिवसांचं आहे, युनिट किती, आणि रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की सरासरीने लावलेलं. सरासरीचं बिल असेल तर त्यावरून कुठलाच निष्कर्ष काढू नका. आधी १९१२ वर तक्रार नोंदवून खरं रीडिंग लावून घ्या.

आता युनिटांना दिवसांनी भागा. आपल्याकडे हा आकडा फार महत्त्वाचा आहे, कारण मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृहज्योती योजनेची सवलत दिवसाला सरासरी ५ युनिटांपर्यंत, म्हणजे महिन्याला १५० युनिटांपर्यंतच मिळते. त्यात पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये लागतात. रेघ ओलांडली की फक्त वरच्या युनिटांचे पैसे वाढतात असं नाही, त्या महिन्याची सवलत पूर्णच जाते. शिवाय घरगुती दराचे टप्पे ५०, १५० आणि ३०० युनिटांवर बदलतात आणि वापर वाढला की स्थिर आकारही वाढतो. नोव्हेंबरात १४० युनिट वापरणारं घर जानेवारीत १७५ वर गेलं की बिल इतकं का उडालं, याचं उत्तर इथे आहे.

इथेच घराचं लक्ष्य ठरवा. नोव्हेंबरात तुम्ही दिवसाला ४ ते साडेचार युनिटांवर असाल, तर हिवाळाभर ५ च्या आत राहणं हे तुमचं काम. नोव्हेंबरातच दिवसाला ९-१० युनिट जात असतील तर १५० चा ध्यास सोडा. तुमच्यासाठी ३०० ची रेघ खरी. ज्या घराला १५० कधीच शक्य नाही अशा घरात म्हाताऱ्या माणसांना थंड पाण्याने आंघोळ करायला लावलेली मी पाहिली आहे. तसं करू नका. बचतीचे इतर मार्ग आहेत आणि ते खाली येतातच.

तपासा: बिल ३३ दिवसांचं असेल तर १६५ युनिटांपर्यंत तुम्ही सरासरीच्या आतच आहात. महिना धरून घाबरू नका, दिवस मोजा.

टप्पा २: मीटरसमोर दहा मिनिटं

घरातली सगळी बटणं बंद करा. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, मोबाइलचे चार्जर, पाण्याचं फिल्टर, सगळ्यांचे प्लग काढा. फ्रिजचाही. इन्व्हर्टर विसरू नका, तो मेनमधून बॅटरी चार्ज करत असतो आणि नेमका तोच राहून जातो. मेन स्विच मात्र चालू ठेवा.

आता मीटरवरचा लाल दिवा बघा. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. सगळं बंद असताना दिवा अजिबात लुकलुकायला नको. मिनिटाला एकदा लुकलुकला तरी ३२०० च्या मीटरवर सुमारे १९ वॉट कुठेतरी जात आहेत, म्हणजे महिन्याला जवळजवळ साडेतेरा युनिट. जुन्या वाड्यांत, जिथे वरच्या मजल्याची किंवा जिन्याची वायर आपल्याच मीटरवर जोडलेली असते, तिथे हे हमखास सापडतं. ओल धरलेल्या भिंतीतली वायरही असं करते. वीज गळत असेल तर बिल नंतर, आधी जिवाचा प्रश्न आहे. इलेक्ट्रिशियनला त्याच आठवड्यात बोलवा, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तोही तेव्हाच बसवून घ्या. हिवाळ्यात जी नवी खरेदी मी डोळे झाकून करायला सांगेन ती एवढीच.

त्यानंतर रोज एकाच वेळी, समजा रात्री ९ वाजता, मीटरचं रीडिंग वहीत लिहा. सात दिवस. मध्ये काही बदलू नका. लोक पहिल्याच दिवशी गीझरचं तापमान कमी करतात, हीटर माळ्यावर टाकतात, आणि मग कशाने किती वाचलं हे कधीच कळत नाही.

टप्पा ३: आंघोळीचं पाणी (सगळ्यात मोठा खर्च इथे आहे)

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. रॉड असो, गीझर असो, महागडा असो की साधा, हा हिशेब सगळ्यांना सारखाच. म्हणून “रॉड स्वस्त की गीझर” हा प्रश्नच चुकीचा आहे. किती लिटर आणि किती अंश, एवढंच विचारायचं.

जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १२ अंशांच्या आसपास असतं. २० लिटरची बादली ४० अंशांवर न्यायची तर ०.६५ युनिट. चार माणसांचं घर, रोज चार बादल्या, महिन्याचे ७८ युनिट. १५० मधले निम्मे इथेच गेले.

३.१ आधी गार पाणी कमी गार करा

याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही, आणि यात एक पैसा लागत नाही. जमिनीखालचं पाणी हवेबरोबर गारठत नाही. बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यातही २४ अंशांच्या आसपास असतं. तेच पाणी रात्री टाकीत चढवलं की सकाळपर्यंत गच्चीवरच्या हवेइतकं थंडगार होतं, आणि मग आपण ते पुन्हा विजेने तापवतो.

घरात बोअर असेल तर पंप लावण्याची वेळ रात्रीवरून सकाळी आंघोळीच्या आधी आणा आणि बादल्या शक्यतो थेट बोअरच्या नळावरून भरा. २४ वरून ४० अंशांवर न्यायला बादलीला ०.३७ युनिट लागतात. चार बादल्यांचे महिन्याला ७८ ऐवजी ४५ युनिट झाले. पंप तर आपण लावतोच, फक्त वेळ बदलली.

बोअर नसेल, तिघरा धरणाचं नळाचं पाणी टाकीत साठत असेल, तर ज्यांना जमेल त्यांनी आंघोळ दुपारी किंवा संध्याकाळी ४ च्या सुमारास करावी. काळी टाकी दिवसभर उन्हात असेल तर त्या वेळी पाणी पहाटेपेक्षा सहा-सात अंशांनी तरी उबदार असतं. घरी असणारी मंडळी, लहान मुलं आणि आजी-आजोबा यांच्यासाठी ही वेळ तशीही चांगली. पहाटेच्या पूजेसाठी स्नान लागतंच अशा घरात ज्येष्ठांची सोय आधी बघा. एका बादलीसाठी घरात वाद नको.

३.२ गीझर: किती वेळ, किती तापमान

१५ लिटरचा, २००० वॉटचा गीझर १२ अंशांचं पाणी ५५ वर न्यायला २२-२३ मिनिटं घेतो आणि पाऊण युनिट खातो. त्यात विसण घालून साधारण २३ लिटर आंघोळीचं पाणी होतं, म्हणजे एक भरपूर बादली.

पाणी खूप तापवून भरपूर विसण घातलं की वीज वाया जाते असं अनेकांना वाटतं. विसणाने वीज जात नाही, उष्णता बादलीतच राहते. वीज जाते ती गीझरमध्ये उरलेल्या कढत पाण्याची, जे दिवसभर हळूहळू थंड होतं, आणि बटण चालू असेल तर पुन्हा पुन्हा तापतं. म्हणून असं करा:

पहिली आंघोळ करायच्या २५ मिनिटं आधी गीझर लावा. सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ ठेवा, मध्ये दोन तासांची फट नको. शेवटच्या माणसाने आंघोळीला जाताना बटण बंद करायचं, बाहेर आल्यावर नाही. टाकीतलं गरम पाणी त्याला पुरतं. हा एक नियम घरात रुजवायला आठवडाभर लागतो, पण सगळ्यात जास्त फायदा त्याचाच होतो.

तापमानाचं बटण ५० ते ५५ वर ठेवा. ४० वर नको, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

सावध: गीझरला पूर्वी २५ मिनिटं लागत होती आणि आता ४० लागतात, अशी तक्रार थंडीत बरेच जण करतात. सकाळी व्होल्टेज उतरलं की वेळ वाढतो. त्याने युनिट वाढत नाहीत, फक्त आपण वैतागतो. त्यापायी नवा गीझर घेऊ नका. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर पांढरा थर चढतो, त्यामुळे मात्र कॉइल जळते आणि थर्मोस्टॅट चुकीचं वागतो. दोन वर्षांतून एकदा, दिवाळीच्या आधी, गीझर उघडून साफ करून घ्या.

३.३ रॉड वापरत असाल तर

१५०० वॉटचा रॉड १२ अंशांची बादली साधारण २६ मिनिटांत ४० वर आणतो. लोक ४० मिनिटं ठेवतात, पाणी कढत होतं, मग बादलीभर विसण घालून जास्तीचं पाणी अंगावर ओततात. गजर लावा. बादलीवर ताट झाका, वाफेबरोबर बरीच उष्णता जाते.

रॉड खुणेपर्यंत पाण्यात बुडालेला असू द्या. लोखंडी किंवा पितळी बादली वापरू नका. पाण्यात बोट घालून बघण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचा, फक्त बटण बंद करून भागत नाही. लहान मुलं फिरतात त्या खोलीत रॉड लावूच नका.

३.४ गॅस गीझर आणि सोलर

गॅस गीझरने विजेचे युनिट वाचतात हे खरं. पण तो बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर आजच काढून बाहेरच्या मोकळ्या गॅलरीत घ्या. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, चक्कर येते आणि माणूस आतून कडी काढू शकत नाही. खिडकी किलकिली ठेवली की झालं, या समजावर विसंबू नका.

सोलर वॉटर हीटर असलेल्या घरांत एक चूक नेहमीची आहे. धुक्याच्या दिवसांसाठी त्याला विजेची कॉइल जोडलेली असते आणि तिचं बटण नोव्हेंबरात चालू होतं ते होळीपर्यंत तसंच. रात्रभर ती १०० लिटर पाणी विजेने तापवत बसते आणि सकाळी उन्हाला काही कामच उरत नाही. ते बटण बंद ठेवा. सूर्य दिसला नाही अशा दिवसानंतरच्या सकाळीच, लागेल तेवढा वेळ चालू करा.

तपासा: या टप्प्यातले बदल केल्यावर पुन्हा सात दिवस रात्री ९ चं रीडिंग घ्या. दिवसाला एखादं युनिट उतरलेलं दिसायला हवं. दिसलं नाही तर बहुधा शेवटच्या आंघोळीचा नियम पाळला जात नाहीये.

टप्पा ४: खोली. हीटरच्या आधी फटी

२००० वॉटचा हीटर रोज ४ तास म्हणजे ८ युनिट, महिन्याला २४०. एकट्या हीटरने घर १५० च्या पार जातं. त्यामुळे इथे क्रम पाळणं सगळ्यात गरजेचं.

आधी झोपायची खोली बदला. गच्चीखालची वरची खोली रात्री सगळ्यात लवकर गारठते. हिवाळ्यापुरतं मधल्या मजल्यावर किंवा दक्षिणेकडच्या खोलीत निजा. सगळ्या घराला ऊब द्यायची नसते, एका खोलीला द्यायची असते.

मग फटी. रात्री खोलीत दिवा लावून बाहेरून बघा, जिथून उजेड येतो तिथून वारा येतो. दरवाजाखाली जुनी गोधडी गुंडाळून ठेवा, खिडकीच्या चौकटीला फोमची पट्टी लावा. दगडी फरशीवर सतरंजी अंथरा. जुन्या वाड्यांच्या उंच छताच्या खोल्यांत गरम हवा वर जाऊन बसते आणि आपण खाली कुडकुडतो, तिथे पलंगाभोवती जाड पडदा लावला तर खोली लहान झाल्यासारखी होते. ऊन असेल तेव्हा १० ते ४ पडदे आणि खिडक्या उघड्या, सूर्य कलला की लगेच बंद. गाद्या, रजया दुपारी उन्हात घातल्या की रात्री अंथरूण ओलसर गार लागत नाही.

सावध: ज्या खोलीत शेगडी, निखारे किंवा गॅसवरचं काही पेटतं, ती खोली अशी बंद करायची नाही. कोळशाची शेगडी पेटवून दार लावून झोपणं म्हणजे मृत्यूला घरात घेणं. शेगडी अंगणात शेकायला ठीक, झोपायच्या खोलीत नाही.

एवढं करूनही थंडी वाजत असेल तर अंथरूण तापवा. विजेवर गरम होणारी चादर साधारण १०० वॉटच्या आसपास असते. झोपण्याआधी अर्धा तास लावून बंद केली तर महिनाभरात दीड युनिट. गरम पाण्याची पिशवी त्याहून साधी. तान्ह्या बाळाच्या अंथरुणात मात्र दोन्ही नकोत.

हीटर लागलाच, तर दुकानदार “हा तेलाचा, हा कमी वीज खातो” असं सांगतो ते मनावर घेऊ नका. रॉडचा, ब्लोअरचा, तेलाचा, सगळ्यांत एका युनिटाला मिळणारी ऊब तेवढीच. फरक थर्मोस्टॅटचा आहे, खोली तापल्यावर जो आपोआप थांबतो तो वाचवतो. एकटं माणूस टेबलाशी बसलं असेल तर समोर ठेवलेला ४०० वॉटचा लहान हीटर पुरतो, खोली तापवायची गरज नसते.

एकच साधन वेगळं आहे: गरम हवा देणारा इन्व्हर्टर एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून आत ओढून आणतो, त्यामुळे एका युनिटात साधारण तिप्पट ऊब देतो. तुमच्या रिमोटवर सूर्याची खूण असेल तर तुमच्याकडे तो आधीच आहे आणि तुम्ही शेजारी हीटर लावून बसला आहात, असंही होऊ शकतं. २० अंशांवर ठेवा. साध्या, फक्त थंड करणाऱ्या एसीत ही सोय नसते.

२००० वॉटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर घेतो. त्याला १६ अँपिअरचा जाड पिनचा सॉकेटच हवा. एक्सटेन्शन बोर्डवर हीटर लावला आणि बोर्डाला हात लावून तो कोमट लागला, तर ताबडतोब बंद करा. वायर भिंतीतही तशीच तापत असते.

टप्पा ५: सिलिंडर

थंडीत गॅसही जास्त जातो, कारण जेवण दोनदा गरम होतं आणि चहा चारदा. चहा एकदाच करून थर्मासमध्ये भरा. डाळ, तांदूळ, हरभरे भिजवूनच शिजवा. फ्रिजमधलं दूध आणि भाजी अर्धा तास आधी बाहेर काढा. आंघोळीचं पाणी चुलीवर तापवत असाल तर रुंद बुडाच्या पातेल्यात, झाकण ठेवून. ज्वाळा बुडाबाहेर आली की ती नुसती हवा तापवते. आणि कढत पाण्याचं पातेलं उचलून बाथरूमपर्यंत नेऊ नका. बादली ओट्याजवळ आणा, तिथे विसण घाला, मग न्या. भाजण्याचे अपघात या चार पावलांतच होतात.

टप्पा ६: उरलेलं, पटकन

फ्रिजचं बटण सगळ्यात कमीवर आणा. कूलरचा प्लग काढा. वॉशिंग मशीनचं गरम पाण्याचं चक्र वापरू नका, दुपारच्या पाण्याने धुवा. इस्त्री आठवड्यातून एकदाच, सगळ्या कपड्यांची. टाकी भरून वाहू देऊ नका, वाहणारं पाणी पंपाची वीज घेऊन जातं. यातून फार काही वाचत नाही. पण तुम्ही दिवसाला ५.२ वर अडकला असाल तर रेघेच्या आत यायला हेच उपयोगी पडतं.

टप्पा ७: महिन्याच्या मधोमध हिशेब

बिल येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. मागच्या रीडिंगची तारीख आणि आकडा बिलावर आहे. पंधराव्या दिवशी मीटर बघा. ७५ च्या आत असाल तर ठीक. ८५ झाले असतील तर उरलेल्या पंधरा दिवसांत ६५ मध्ये भागवायचं आहे, म्हणजे दिवसाला ४.३. तेव्हा घरात बसून ठरवा: हीटर बंद ठेवायचा, की दोघांच्या आंघोळी दुपारी करायच्या. धुक्याचा आठवडा आला आणि दोन्ही जमणार नसेल, तर त्या महिन्यात सवलत जाऊ द्या आणि म्हाताऱ्या माणसांना ऊब द्या. पुढच्या महिन्याचा हिशेब नव्या रीडिंगपासून पुन्हा पहिल्या दिवसावर येतो.

रीडिंग घेणारा येऊन गेला की त्याच दिवशी मीटरचा फोटो काढा, तारखेसह. बिलातला आकडा आणि फोटोतला आकडा जुळला नाही तर तक्रार करताना तो हाताशी असतो.

फेब्रुवारी संपता संपता गीझरचं बटण ५० वर आणा, रॉडवरचा पांढरा थर व्हिनेगरमध्ये भिजवून काढा आणि तो कोरडा करून गुंडाळून ठेवा. दारा-खिडक्यांच्या फोमच्या पट्ट्या मात्र काढू नका. मे महिन्यात लू आत येते ती त्याच फटींतून.